सावलींत वाढणारा हेमलॉक

हेमलॉक म्हणतांच सॉक्रेटिसाचा विषाचा पेला आठवतो. परंतु ती विषारी वनस्पति निराळी. आम्ही ज्याविषयीं लिहितों, तो उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागांतील सदाहरित वृक्ष होय. दाट छायेंत तो कित्येक वर्षें खुरटा राहूनहि जगतो, आणि वरची सावली दूर होतांच जोमानें वाढतो. बागेंत त्यास ओलसर, पण पाणी न तुंबणारी जमीन द्यावी. मुळें उथळ असल्यानें बुंध्याभोवतीं पालापाचोळा पसरावा. त्या पूर्वभागांत १९५१ सालीं व्हर्जिनियांत प्रथम आढळलेल्या, मूळच्या जपानी अशा एका रसशोषक किडीनें असंख्य हेमलॉक मारले आहेत. यास्तव सुयांसारख्या पानांच्या बुडाशीं कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात काय, हें हिवाळ्यापासूनच पाहात जावें. शेंकडों वर्षें जगूं शकणारा वृक्ष आपल्या थोड्या दुर्लक्षानें गमावणें उचित नव्हे.