गांवठी कोंबडीचा संकर : नर कोठून आणावा व मूळ जात कशी राखावी

शेतकऱ्याच्या अंगणांतील दहा-पंधरा कोंबड्या हा जोडधंदा दिसण्यांत लहान असला, तरी अडीअडचणीच्या वेळीं मीठ-मिरचीचा खर्च त्यावर भागतो. आपल्या मराठवाड्याची गांवठी कोंबडी उकिरड्यावरील किडे व खळ्यांत सांडलेले दाणे वेंचून पोट भरते, उन्हाळा सोसते व खुडूक बसून स्वतःच पिलें काढते. अंडीं मात्र ती थोडीं देते व वजनासही कमी भरते. म्हणून बाहेरचा नर आणून संकर करण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हा कल रास्त आहे. पण संकराच्या भरांत घरची मूळ जातच नाहींशी झाली, तर पुढें संकर कशावर करावयाचा? ह्या दृष्टीनें चार गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

१. नर कोणता? — मांसासाठीं वजन वाढवावयाचें असल्यास असील घ्यावा. ही जात आंध्र व छत्तीसगडाकडील, झुंजीबद्दल प्रसिद्ध, उंच व भक्कम बांध्याची आहे. पूर्ण वाढलेला कोंबडा चार-पांच किलोपर्यंत भरतो. तो भांडखोर असल्यामुळें एका खुराड्यांत दोन नर ठेवूं नयेत. काळ्या मांसास गिऱ्हाईक असल्यास कडकनाथ घ्यावा. मध्य प्रदेशांतील झाबुवा भागांत भिल्ल व भिलाला लोकांनीं ही जात जोपासली. झाबुव्याच्या कडकनाथाच्या मांसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कडकनाथाची मादी सहसा खुडूक बसत नाहीं; तिचीं अंडीं गांवठी कोंबडीखालींच ठेवावीं. केवळ अंडींच पाहिजे असल्यास संकराच्या खटपटींत न पडतां हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें काढलेल्या ग्रामप्रियेचीं पिलें आणावीं. तीं आधींच संकरित असल्यानें त्यांपासून पुढें पैदास करूं नये.

२. कोठून आणावा? — पशुसंवर्धन खात्याचें मध्यवर्ती अंडीं उबवणी केंद्र व पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र येथें प्रथम चौकशी करावी. कडकनाथासाठीं झाबुव्याच्या कृषी विज्ञान केंद्राशीं पत्रव्यवहार करावा. खाजगी विक्रेत्याकडून घेतांना आई-बाप दोन्ही पाहावे. काळेपणा म्हणजे शुद्धता नव्हे. कडकनाथ नर फिकट पायांच्या गांवठी मादीस लावल्यास नर-पिलें बहुधा फिकट निघतात, परंतु तलंगा काळ्या निघतात. म्हणजे अर्ध्या रक्ताची तलंगही शुद्ध म्हणून खपूं शकते. कडकनाथाचें अंडें काळें नसतें, फिकट तपकिरी असतें, हेंही ध्यानांत ठेवावें. अंडीं व पक्षी चढ्या भावानें परत घेण्याच्या वचनावर विसंबूं नये. २०१९ सालीं सांगली भागांत अशाच कडकनाथ योजनेंत शेकडों शेतकऱ्यांचा पैसा अडकला.

नवा पक्षी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्लूनें शेंकडों कोंबड्या मेल्या, हें आपल्या शेजारचेंच उदाहरण आहे. मानमोडीची लस पशुवैद्यांच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्यावी.

३. पैदास कशी करावी? — आठ-दहा माद्यांस एक नर पुरे. पूर्वीचा नर काढल्यावर त्याचें बीज मादीच्या अंगांत दोन-तीन आठवडे राहतें. तेवढ्या काळांतील अंडीं उबवणीस ठेवूं नयेत, खाण्यास वापरावीं. उबवणीचीं अंडीं सात दिवसांपेक्षां जुनीं नसावीं. एका खुडूक कोंबडीखालीं दहा-बारा ठेवावीं, सातव्या दिवशीं अंधारांत दिव्यासमोर धरून वांझ अंडीं काढून टाकावीं. एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात.

४. मूळ जात कशी राखावी? — संकराची पहिली पिढी सारखी व जोमदार असते. तिच्यांतील नर-मादी पुन्हां एकत्र सोडल्यास पुढील पिढींत गुण विखुरतात. कांहीं पिलें आजोबावर, कांहीं आजीवर जातात आणि पहिला जोम ओसरतो. यास्तव संकरित नर पैदाशीस न ठेवतां विकावे. कळपांतील उत्तम पांच-सहा गांवठी माद्या व एक गांवठी नर मात्र वेगळ्या खुराड्यांत कायम ठेवावे. निवड करतांना रंग पाहूं नये; जी मादी नियमानें खुडूक बसते व बहुतेक पिलें जगवून मोठीं करते, तीच राखावी. सख्ख्या रक्ताचा संबंध टाळण्यासाठीं दर वर्षीं गांवठी नर बदलावा. तीन घरांनीं मिळून आपापले नर आळीपाळीनें फिरवल्यास त्यास कांहींच खर्च येत नाहीं.

नर विकत मिळतो; पण आपल्या उन्हांत, आपल्या उकिरड्यावर पिढ्यान् पिढ्या तयार झालेली खुडूक बसणारी कोंबडी एकदां गेली कीं ती कोणत्याही केंद्रांत मिळावयाची नाहीं. म्हणून तिचें खुराडें आधीं बांधावें, आणि संकराचा नर मागाहून आणावा.