न्यायालयाबाहेरील वकिली

‘वकील काय करतो ?’ असें वर्गांत विचारलें असतां ‘कोर्टांत भांडतो’ हें ठरलेलें उत्तर आम्हांस मिळतें. पालकांची कल्पनाही याहून फारशी निराळी नसते. परंतु विजेचा दर किती असावा, विमा कंपनीनें लोकांचा पैसा कसा सांभाळावा, हे नियम जेथें ठरतात तेथेंही वकिलाचें काम असतें. तें कसें चालतें हें समजण्यास अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानांतील चार्लस एव्हान्स ह्यूज यांचें उदाहरण घेऊं. १९३० ते १९४१ पर्यंत ते त्या देशाचे सरन्यायाधीश होते; परंतु आम्हांस त्यांची त्यापूर्वींची कामगिरीच अधिक बोधप्रद वाटते.

ह्यूज १८६२ सालीं जन्मले. वडील बॅप्टिस्ट पाळक. १८८४ सालीं कोलंबिया येथून कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं न्यूयॉर्क शहरांत वकिली आरंभिली. मध्यंतरीं दोन वर्षें अध्यापन केलें. त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत वकीलमंडळाबाहेर त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

१९०५ सालीं संस्थानाच्या विधिमंडळानें गॅसच्या दराची चौकशी करण्यास समिति नेमून ह्यूज यांस तिचे वकील केलें. शहरांत दर हजार घनफुटांस एक डॉलर पडे. येथें आरोपी नाहीं, पंच नाहींत. समोर कंपनीच्या हिशेबाच्या वह्या व तिचे अधिकारी. गॅस तयार करण्यास खर्च किती, भांडवल म्हणून दाखविलेल्या रकमेपैकीं खरोखर घातलेली किती, हेंच ते शांतपणें पुनःपुन्हा विचारीत. (आमचीं मुलें अंकगणितास कंटाळतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) त्याच वर्षीं गॅस व वीज यांवर देखरेख करणारें कमिशन स्थापन झालें, व १९०६ सालीं दर ८० सेंटांवर आला. कंपनीनें दाद मागितली. पण १९०९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो दर रद्द करण्याचें नाकारलें.

त्यानंतर लगेच आयुर्विमा कंपन्यांची चौकशी आली. तिच्या ५७ बैठका झाल्या. पोटास चिमटा घेऊन बायकामुलांसाठीं लोकांनीं भरलेल्या पैशांतून न्यूयॉर्क लाइफ कंपनीनें १९०४ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षास ४८,००० डॉलरांहून अधिक दिल्याचें ह्यूज यांनीं उघडकीस आणलें. ह्यूज स्वतः त्याच पक्षाचे ! थोड्याच दिवसांत त्या पक्षानें त्यांस शहराच्या महापौरपदाची उमेदवारी दिली. मान मोठा खरा; परंतु तो घेतला असता तर चौकशी अर्धवट राहिली असती, किंवा तिजवर पक्षपाताचा डाग तरी पडला असता. त्यांनीं ती उमेदवारी नाकारली. १९०६ सालीं कंपन्यांनीं पक्षांस देणग्या देण्यास कायद्यानें बंदी झाली.

त्याच वर्षीं ते गव्हर्नर निवडून आले, व १९०७ सालीं रेल्वे, ट्राम, गॅस आणि वीज यांच्या नियमनासाठीं दोन कमिशनें त्यांनीं स्थापन करविलीं. एक न्यूयॉर्क शहरासाठीं, दुसरें उरलेल्या संस्थानासाठीं. त्याच सुमारास विधिमंडळानें रेल्वेचें भाडें मैलास दोन सेंटांहून अधिक नसावें असें बिल मंजूर केलें. स्वस्त भाडें कोणास नको ? परंतु ह्यूज यांनीं संमति नाकारली. दोन सेंट योग्य असतीलही, पण रेल्वेच्या खर्चाची चौकशी न करतांच ते ठरविले गेले, असा त्यांचा आक्षेप होता.

हा प्रसंग आम्हीं वर्गांत सांगितला तेव्हां मुलांत दोन तट पडले, आणि घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता.