गोळी, विषाणू आणि यकृत



बीडजवळ पाली येथे दत्ता व संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था उभारली. एचआयव्हीची लागण झालेली मुले तेथे राहून शिकतात. तुमच्यासारखीच ही मुले. मात्र त्यांना रोज ठरल्या वेळी गोळी घ्यावी लागते. सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही ती मिळतात. या गोळ्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. मग डॉक्टर या रुग्णांच्या यकृताची तपासणी का करतात? चला, पाहू या.

एचआयव्हीची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रूपात असते. आपल्या पेशीत शिरल्यावर एक विकर वापरून हा विषाणू तिच्यावरून डीएनएची साखळी बनवतो. झिडोव्युडीन आणि स्टॅव्युडीन ही औषधे म्हणजे या साखळीतील खोट्या कड्या. त्यांना पुढची कडी अडकवण्यासाठी आकडाच नसतो. खोटी कडी जोडली गेली, की साखळी तेथेच थांबते आणि विषाणूची वाढ खुंटते.

आता अडचण पाहा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्याची नक्कल करणारे विकरही या खोट्या कडीला फसू शकते. मग तंतुकणिकांचे काम मंदावते. यकृताच्या पेशीत मेद पुरेसा जळत नाही, त्याचे थेंब साठतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. स्टॅव्युडीनमुळे असे त्रास अधिक आढळले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

दुसरा ताण वेगळ्या ठिकाणी पडतो. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत नव्या प्रथिनांना योग्य घडी घातली जाते. रिटोनाव्हिर, इफाव्हिरेंझ यांसारखी औषधे या कामात अडथळा आणू शकतात, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसून आले आहे. साखर कारखान्याचे गाळप मंदावले, की गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांची रांग लागते. तशीच येथे घडी न पडलेल्या प्रथिनांची गर्दी होते. तेव्हा कारखाना काय करतो? तोड थांबवतो. पेशीही तेच करते. ती नवी प्रथिने बनवणे कमी करते आणि घडी घालणारे मदतनीस रेणू वाढवते. एवढ्यानेही गर्दी ओसरली नाही, तर पेशी स्वतःचा शेवट करून घेते.

हा भार यकृतावरच का पडतो? आतड्यात शोषलेले औषध प्रथम यकृतात जाते आणि बहुतेक औषधांचे विघटन तेथेच होते. यकृताची पेशी दुखावली, की तिच्यातील एसजीपीटी नावाचे विकर रक्तात झिरपते. रक्तात ते किती आहे, हे मोजले की यकृताची हालहवाल कळते. काही औषधांची सुरुवातही जपून करतात. नेव्हिरॅपीन मोठ्या माणसांना पहिले १४ दिवस निम्म्याच मात्रेत देतात.

मग गोळी बंद करावी काय? मुळीच नाही! गोळी थांबली, की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे विषाणूही तयार होऊ शकतात. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी काही महिने ऊसतोडीला परजिल्ह्यात जातात. अशा घरातील रुग्णाने निघण्यापूर्वी केंद्रात सांगून पुरेशी औषधे घेणे आणि तपासणीची तारीख ठरवणे फार महत्त्वाचे असते. दारू, कावीळ ‘ब’ आणि क्षयाची काही औषधे यकृताचा भार वाढवतात, हेही डॉक्टरांना सांगायलाच हवे. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. औषध बदलायचे की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. आज बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्युडीन व डोल्युटेग्रॅव्हिर ही औषधे असतात. तंतुकणिकांना त्यांचा उपद्रव स्टॅव्युडीनपेक्षा पुष्कळच कमी होतो.

विचार करा :
१. विषाणूला थांबवणारी खोटी कडी तंतुकणिकेला का बाधते?
२. एसजीपीटी वाढलेले दिसल्यास रुग्णाने आपणहून गोळी का थांबवू नये?