पान उघडलं, पण व्हिडिओ तयार आहे का?

प्रश्न : सेलेनियमच्या स्क्रिप्टमध्ये पान पूर्ण लोड झाल्यावर मी त्यातल्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेतो. कधी चित्र येतं, कधी नुसती काळी चौकट. दहा सेकंदांचा स्लीप टाकूनही तेच. काय करावं?

उत्तर : स्लीप आधी काढून टाका. नेट वेगवान असेल तर तो वेळ फुकट जातो, मंद असेल तर पुरत नाही. पान ‘कम्प्लीट’ झालं म्हणजे व्हिडिओही आला, असं धरू नका. ते व्हिडिओ एलिमेंटलाच विचारा. त्याच्या रेडीस्टेट या गुणधर्माची किंमत 0 ते 4 असते. 1 म्हणजे लांबी-रुंदी आणि कालावधी कळला, 2 म्हणजे सध्याची फ्रेम हाती आली, 4 म्हणजे न अडखळता शेवटपर्यंत चालेल असा ब्राउझरचा अंदाज. स्क्रीनशॉटला 2 पुरे. वेबड्रायव्हरवेटमध्ये एक्झिक्यूट-स्क्रिप्टने ही किंमत तपासत राहा आणि कमाल मर्यादा घाला.

व्हिडिओ आयफ्रेममध्ये असेल तर आधी त्या फ्रेममध्ये शिरा, नाहीतर एलिमेंट सापडणारच नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

किंमत 0 वरून हलतच नसेल, तर प्रीलोड ‘नन’ आहे का बघा. तसं असेल तर प्ले केल्याशिवाय काहीच उतरत नाही. आवाज बंद करून प्ले करा, कारण आवाजासह आपोआप वाजवणं ब्राउझर सहसा अडवतात. एरर हा गुणधर्मही सोबत तपासा, म्हणजे तुटलेल्या फाइलची वाट बघत बसावं लागणार नाही.