खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

घरातील वृद्ध मनुष्य मोरीत किंवा उंबरठ्याशी घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शहरातील इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांत ते घरी परत आले, अशी उदाहरणे आमच्या खेडेगावच्या मंडळ्यांत वारंवार आढळतात. शस्त्रक्रिया करणे हे डॉक्टरांचे काम. परंतु घरी आल्यावर पुढील तीन महिने रोग्याशी कसे वागावे हे घरच्या मंडळींसच शिकावे लागते. आणि तेथे पुष्कळदा प्रेमापोटीच अपाय होतो. सून म्हणते, "आई, तुम्ही उठू नका, मी सगळे हाताशी आणून देते," आणि सासू जी पडून राहते ती कायमची.

ही समजूत कोठून आली हे पाहिले पाहिजे, कारण ती अगदीच निराधार नाही. शस्त्रक्रियेची सोय नव्हती त्या काळी मोडलेल्या पायास वजन बांधून रोग्यास कित्येक आठवडे उताणे निजवून ठेवीत असत. दुसरा उपायच नव्हता. अशा रीतीने पडून राहिलेल्या पुष्कळ वृद्धांस पाठीवर जखमा होत, छातीत कफ साठून न्युमोनिया होई व त्यातच त्यांचा अंत होई. हाड मोडण्याने जितकी माणसे दगावत, त्याहून अधिक अंथरुणाने दगावत असे म्हटले तरी चालेल. हल्लीची शस्त्रक्रिया होते ती मुख्यतः रोग्यास लवकर उभे करता यावे म्हणूनच. बहुधा दुसऱ्याच दिवशी त्यास धरून उभे करतात.

खुब्याचा सांधा उखळीसारखा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. या डोक्याखालच्या मानेशी हाड मोडले, तर डोक्यास रक्त पोहोचविणाऱ्या बारीक शिरा तुटण्याचा संभव असतो व डोके निर्जीव होते. म्हणून वृद्धांत ते काढून धातूचे बसवितात. मोड त्याच्या खाली असेल तर सळई किंवा पट्टी व स्क्रू घालून हाड जोडतात. झिजलेल्या सांध्यात डोके व वाटी दोन्ही बदलतात. ही रीत इंग्लंडातील सर्जन जॉन चार्नली यांनी राइटिंग्टन येथील इस्पितळात १९६२ साली धातूचा गोळा व पॉलिथिलिनची वाटी वापरून चांगल्या पायावर आणली. आपल्या रोग्यावर यांपैकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे घरच्यांनी डॉक्टरांस विचारून कागदावर लिहून घ्यावे, कारण पुढील पथ्य त्यावर अवलंबून असते. पायावर किती भार द्यावा, मांडी घालावी की नाही, हे शेजारच्या रोग्याचे पाहून ठरवू नये.

सांधा बदललेल्या रोग्यास पहिले काही आठवडे सामान्यतः असे सांगतात: खुर्चीवर बसले असता गुडघा खुब्याहून वर येऊ नये, पायावर पाय टाकू नये, पाय आत वळवू नये, जमिनीवर पडलेली वस्तू वाकून उचलू नये, कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. हे न पाळल्यास गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते. सैल पडलेली बाज यासाठी वाईट. घट्ट व उंच पलंग हवा. हात टेकावयास दांडे असलेली खुर्ची हवी. शौचकूप जमिनीलगत असेल तर त्यावर ठेवण्याची कमोडची खुर्ची मिळते, ती पहिल्या दिवसापासून आणून ठेवावी. उकिडवे बसता येत नाही म्हणून रोगी कमी खातो व पाणी पिणे टाळतो, हे घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. आधीच वेदनाशामक औषधांनी मलावरोध होत असतो, त्यात ही भर. पाणी, भाज्या, आणि स्नायू भरून येण्यासाठी डाळ, दूध, अंडी यांची रोग्यास नेहमीपेक्षा अधिक गरज असते.

चालण्याविषयी थोडे. आरंभी वॉकर, मग काठी. काठी धरावी ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूस धरतात, तिचा आधार तितका मिळत नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सोबत चालणाऱ्याने रोग्याच्या दुखऱ्या बाजूस किंचित मागे राहावे, दंड धरून ओढू नये. बसल्या जागी घोटे वरखाली हालविण्याचा व्यायाम तासातासाने करावा. पायाच्या शिरांत रक्त गोठू नये यासाठी तो आहे. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, छातीत कळ आली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप भरला, किंवा पाय एकाएकी आखूड दिसू लागला, तर उद्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

शरीराविषयी इतके. मनाविषयी आमच्या लोकांत बोलणेच होत नाही. इस्पितळात व घरी पहिल्या काही रात्री वृद्ध रोगी भलतेसलते बोलतात, मेलेल्या माणसांस हाका मारतात, आपल्या मुलास ओळखत नाहीत. कित्येक घरी हे पाहून बाहेरची बाधा झाली असे ठरवून धागे व अंगारे आणतात. प्रिय वाचकहो, ही बाधा नव्हे. शस्त्रक्रिया, वेदना, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे किंवा रक्तातील क्षार कमी होणे यांनी मेंदूस येणारा हा तात्पुरता भ्रम आहे. डॉक्टरांस लगेच कळवावे, रोग्यास चष्मा द्यावा, दिवसा उजेडात बसवावे, आणि ओळखीचे एक माणूस सतत जवळ ठेवावे.

भ्रम ओसरला म्हणजे दुःख येते, आणि ते अधिक दिवस राहते. आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंचे हाड उत्तम बसले होते. तरी त्या दोन महिने ओसरीच्या पुढे आल्या नाहीत. विचारता विचारता कळले की, त्यांस चालण्याचे भय नव्हते. खुर्चीवर बसण्याची लाज होती. वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसली असता आपण उंचावर कसे बसावे! जन्मभर ज्या बाईने चुलीपुढे मांडी घालून भाकरी थापल्या व सर्वांच्या मागे जमिनीवर बसून उपासना केली, तिला खुर्ची म्हणजे मोठेपणा मिरविणे वाटते. हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तेथील मंडळीने शेवटी भिंतीशी चारपाच खुर्च्या मांडून गुडघेदुखीच्या इतर वृद्धांसही त्यांवर बसविले, तेव्हा त्या येऊ लागल्या. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोबाच्या जांघेचा सांधा उखळला व तो लंगडत चालू लागला असे आपण वाचतो. त्याच्या लंगडण्याची कोणी लाज धरल्याचे तेथे लिहिलेले नाही.

घरातही रोग्याच्या हाती काम द्यावे. लसूण सोलणे, धान्य निवडणे, नातवाचा धडा ऐकणे ही खुर्चीवर बसून होणारी कामे आहेत. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवले तर पुष्कळ बाया पुन्हा स्वयंपाकास लागतात. "मी आता ओझे झाले" असे रोगी म्हणाला तर "असे बोलू नका" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये, बसून ऐकावे. मात्र पंधरा दिवस लोटूनही अन्न जात नाही, झोप नाही, व्यायामास उठण्याची इच्छाच नाही, असे दिसल्यास तो विश्वासाचा दुबळेपणा समजून उपदेश करीत बसू नये. या आजारास औषध आहे, आणि डॉक्टरांस तसे सांगितले पाहिजे.

पुन्हा पडण्याचे भय बहुतेकांस असते. त्या भयाने मनुष्य कमी चालतो, कमी चालल्याने स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण स्नायूंनी तो खरोखरच पडतो. म्हणून रोज ठराविक वेळी, ठराविक वाटेने, आज ओसरीपर्यंत व पुढील आठवड्यात विहिरीपर्यंत असे चालवावे. मोरीत दांडा बसवावा, वाटेतील गोणपाट व पायपुसणी उचलावीत, रात्री दिवा ठेवावा, ठिसूळ हाडांसाठी डॉक्टर जे औषध देतील ते चुकवू नये. काठीच्या टोकाचे रबर महिन्यातून एकदा उलटून पाहावे. ते झिजून गुळगुळीत झाले असेल तर ओल्या फरशीवर काठीच प्रथम घसरते.