देवगडचे राज्य

मुलांनो, कळमेश्वरहून आपण नेहमी नागपूरला जातो. हे शहर कोणी वसवले, सांगा पाहू?

आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात देवगडचा किल्ला आहे. तेथे गोंड राजांचे लहानसे राज्य होते. अकबराच्या काळात तेथे जाटबा राजा होता. पुढे त्याच्या घराण्यातील एक राजा औरंगजेबाच्या दरबारी गेला. त्याने इस्लाम धर्म स्वीकारला. त्याला ‘बख्त बुलंद’ हे नाव मिळाले. या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच!

बख्त बुलंद शाहने हिंदू-मुसलमान शेतकरी व कारागीर आपल्या मुलखात वसवले. १७०२ साली बारा वस्त्या मिळून नागपूर शहर उभे राहिले. नंतरच्या चांदसुलतानाने राजधानी येथे आणली, तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर.

चांदसुलतानाच्या मृत्यूनंतर वली शाहने गादी बळकावली. राणीने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. वली शाह हरला. राणीच्या मुलांना राज्य मिळाले व रघूजी परतले. पण पुढे अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह हे भाऊच आपसांत भांडले. रघूजी पुन्हा आले, ते राहण्यासाठीच. १७४३ पासून बुऱ्हाण शाह नावापुरता राजा उरला. कारभार भोसल्यांचा झाला.

भावांच्या भांडणात राज्य गेले. शहर मात्र वाढतच राहिले.

प्रश्न
१. नागपूर कधी वसले?
२. रघूजी दुसऱ्यांदा का आले?