ओठ उचलून बघा

सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात आणि आसपासच्या वाड्यांवर मुलांच्या दातांना फ्लोराइड वार्निश लावताना जे कळत गेलं, ते असं.

१. आधी आजीला पटवावं. इथल्या कितीतरी घरांत आईवडील मुंबईला आणि मूल आजीजवळ. तिचा प्रश्न ठरलेला : "डॉक्टरानू, दुधाचे दात पडतलेच, मगे औषध कित्याक?" पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर पोराने ठणक सोसत रात्री काढायच्या का? एकदा पटलं, की हीच आजी शेजारचं पोरही घेऊन येते.

२. खड्डा पडायची वाट बघू नये. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावं आणि वरचा ओठ उचलावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली की कीड सुरू झाली. गोडावर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लाने तिथलं कॅल्शियम झिजलेलं असतं. या टप्प्यावर फ्लोराइडने दात सावरू शकतो. काळा खड्डा मात्र वार्निशने भरत नाही.

३. लावायला काही मिनिटं पुरतात. दात कापसाने टिपायचे, बारीक ब्रशने पातळ थर द्यायचा. लाळ लागली की तो घट्ट होतो. त्या दिवशी पेज किंवा मऊ भात, दात घासायचे ते दुसऱ्या सकाळी. दम्याचा जोराचा त्रास असेल तर आधी सांगावं.

४. जत्रेच्या आदल्या दिवशी लावू नये. हातात जत्रेतलं गोड खाजं आलं की मूल कुणाचं ऐकत नाही. सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं, ते गावपळणीचे दिवसही टाळावेत.

५. फ्लोराइडची भीती समजून घ्यावी. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातून ते वर्षानुवर्षं रोज पोटात जातं आणि दातांवर डाग पडतात. वार्निशमध्ये सहसा ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, पण ते थेंबभर, तेही साधारण सहा महिन्यांतून एकदा. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात वार्निशमुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी, कायमच्या दातांची ४३ टक्क्यांनी कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही फ्लोराइड आहे.

६. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची! पहिलीत नाव घातलं की ती आली का ते बघून घ्यावं आणि आली असेल तर त्याच महिन्यात वार्निश लावून घ्यावं.